दारावरचा आकडा: पिकअपने जड ट्रेलर ओढताना

पिकअपच्या माहितीपत्रकात सगळ्यात ठळक छापलेला आकडा ओढण्याचा असतो. पाच हजार किलो, सहा हजार किलो. चारचौघांत सांगायला तो बरा. पण जड ट्रेलर जोडायची वेळ येते तेव्हा त्याच्या आधीच दुसरा एक आकडा संपलेला असतो, आणि तो माहितीपत्रकात सहसा बारीक अक्षरात असतो. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीच्या खांबावर, टायरमध्ये हवा किती भरायची ते जिथे लिहिलेलं असतं, तिथे बघा. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांच्या स्टिकरवर एक वाक्य असतं: माणसं आणि सामान मिळून वजन अमुक किलोच्या वर जाता कामा नये. गाडी विकायची वेळ येईपर्यंत बरेच जण ते वाचतच नाहीत.

ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं. ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं, ते आपण फक्त ओढतो. पण त्याचं नाक आपल्या गाडीवर टेकलेलं असतं. नाकातून जेवढा भार खाली येतो त्याला टंग वेट म्हणतात, आणि हा भार गाडीला ओढायचा नसतो, पाठीवर घ्यायचा असतो. हौद्यात तेवढ्या वजनाची पोती टाकल्यासारखंच ते. बंपरमागच्या बॉलवर, म्हणजे लोखंडी गोळ्यावर, जोडायच्या ट्रेलरसाठी भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के टंग वेट धरतात. हौद्याच्या आत, मागच्या आसाच्या डोक्यावर जोडले जाणारे फिफ्थ व्हील आणि गूजनेक ट्रेलर असतात, त्यांचा भार १५ ते २५ टक्के असतो.

आता हिशेब मांडू. समजा गाडी ५,००० किलो ओढते असं कंपनी म्हणते आणि दारावरचा आकडा ६८० किलो आहे. ट्रेलर भरून ४,००० किलो, म्हणजे ओढण्याच्या मर्यादेत अजून हजार किलो शिल्लक. निवांत वाटतं. टंग वेट १३ टक्के धरलं तर ५२० किलो झाले. ६८० मधून ५२० गेले, राहिले १६०. बॉल, त्याची दांडी आणि बाकीचा लोखंडी सरंजाम ४० किलो. राहिले १२०. चालक ८० किलो. राहिले ४०. आता शेजारच्या सीटवर कोण बसणार? चाळीस किलोचा कुणी असेल तर तो, आणि त्याने डबाही आणायचा नाही. मुलं, कुत्रा, हौद्यातली हत्यारांची पेटी, जनरेटर, छतावरची शिडी यांना जागाच उरत नाही. पाच हजारवाली गाडी चार हजारांतच थकली, आणि इंजिनाचा त्यात काही दोष नाही.

म्हणून कुणी विचारलं की ही गाडी किती ओढेल, तर मी आधी दार उघडून बघतो.

कागदावर आणखी काही मर्यादा असतात. जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे गाडी माणसांसकट, सामानासकट, इंधनासकट जास्तीत जास्त किती वजनाची असू शकते. प्रत्येक आसाची वेगळी मर्यादा असते. जीसीडब्ल्यूआर म्हणजे गाडी आणि ट्रेलर दोन्ही मिळून. ट्रेलरच्या सांगाड्यावरही त्याची स्वतःची पाटी असते. हिचवर (गाडीमागची जोडणी), बॉलवर, कपलरवर (बॉलवर बसणारी ट्रेलरची वाटी), टायरवर, सगळ्यांवर आकडे कोरलेले असतात. या सगळ्यांत जो सगळ्यात आधी संपतो, तो तुमचा. बाकीचे कितीही मोठे असले तरी उपयोग नाही.

मागची बाजू खाली बसते म्हणून पुष्कळ जण जादा स्प्रिंग किंवा हवेच्या पिशव्या बसवून घेतात. गाडी सरळ दिसू लागते आणि मनाला बरं वाटतं. पण आस तोच, ब्रेक तेच, टायर तेच, आणि पाटीवरचा आकडाही तोच. दिसणं सुधारलं, मर्यादा नाही.

माहितीपत्रकातला आकडा अगदीच खोटा असतो असंही नाही. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने तो ठरवायची आणि दुसरीपेक्षा शंभर पौंड जास्त लिहायची. मग २००८ मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे२८०७ नावाचं मानक काढलं. ते पहिल्यांदा अंगीकारलं टोयोटाने, २०११ च्या मॉडेलांपासून. बाकीच्या मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आल्या. त्यातली एक परीक्षा अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या चढावर बेतलेली आहे. सुमारे १८ किलोमीटरचा चढ, ३८ अंशांच्या वर तापमान, एसी पूर्ण जोरात, आणि वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली घसरता कामा नये. मागे चार चाकं असलेल्या गाड्यांना थोडी सवलत आहे. ही परीक्षा कडक आहे. फक्त तिच्यात गाडीत दोनच माणसं धरलेली असतात, तीही प्रत्येकी ६८ किलोची. तुमचं कुटुंब त्यात बसत नाही. शिवाय टर्बो नसलेलं इंजिन उंचीवर गेलं की दमतं, दर ३०० मीटरला साधारण तीन टक्के.

अंदाजाने वजन सांगू नका, काट्यावर जा. मी पहिल्यांदा ट्रेलर काट्यावर नेला तेव्हा माझा अंदाज २,७०० किलोचा होता. काट्याने ३,३०० दाखवले. रिकाम्या ट्रेलरचं वजन मला पाठ होतं, त्यात मी घातलेलं सामान मात्र धरलेलं नव्हतं. पाण्याची टाकीच घ्या. लिटरला किलो, म्हणजे दोनशे लिटरची टाकी भरली की दोनशे किलो. कागदावरच्या रिकाम्या वजनात यातलं काही नसतं.

काट्यावर काय करायचं ते माझ्याच आकड्यांवरून सांगतो. आधी सगळी जोडी उभी केली: ६,१८० किलो. मग फक्त पिकअपची चाकं काट्यावर, ट्रेलरची चाकं बाहेर, पण जोडलेलंच: ३,३१०. मग ट्रेलर सोडला आणि तीच माणसं, तेच सामान ठेवून एकटी पिकअप चढवली: २,८८०. पहिल्यातून तिसरा वजा केला की ट्रेलर, ३,३०० किलो. दुसऱ्यातून तिसरा वजा केला की टंग वेट, ४३० किलो. म्हणजे १३ टक्के. वजन वाटून देणारा हिच असेल तर त्याचे स्प्रिंगबार हे मोजमाप करताना सैल ठेवायचे, नाहीतर टंग वेट कमी दिसतं. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यानंतर वाद घालायला काही उरत नाही.

वजन वाटून देणाऱ्या हिचबद्दल एक गैरसमज पक्का आहे. नाकावर भार आला की पिकअपचं मागचं टोक खाली जातं आणि पुढची चाकं हलकी होतात. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही कमजोर. हा हिच लांब स्प्रिंगबारांच्या पहारीने काही भार उचलून पुढच्या आसावर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतो. वापरावाच अशी वस्तू आहे. पण तो भार वाटतो, गाडीची मर्यादा वाढवत नाही. ‘हा लावला की आणखी पाचशे किलो चालतील’ असं दुकानात कुणी सांगितलं तर चहा पिऊन परत यावं.

आता डोलण्याविषयी. जड ट्रेलरच्या अपघातांत सगळ्यात भीतिदायक प्रकार तोच, आणि त्याची मुळं बहुतेक वेळा सामान भरतानाच पेरलेली असतात.

बैलगाडीच्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे: उलाळ. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांचे गळे आवळतात. पुढे जास्त झाला तर सगळा भार त्यांच्या मानेवर. गाडीवानाला हे पहिल्या पावलात कळायचं. पिकअपमध्ये ते गावातल्या वेगाला कळतच नाही. ताशी ५० ला ट्रेलर गोगलगायीसारखा गुमान मागे येतो. ९० ला शेजारून मोठा ट्रक जातो, हवेचा झोत बसतो, शेपूट थोडं उजवीकडे, मग डावीकडे, आणि दर हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो.

असं का होतं? ट्रेलर बॉलभोवती फिरतो. झोताने शेपूट बाजूला गेलं की ट्रेलरचे टायर त्याला परत ओळीत आणतात, पण तो ओळीवर थांबत नाही, थोडा पलीकडे जातो, मग परत येतो. कमी वेगाला हे हेलकावे लगेच विरतात. वेग वाढेल तसे विरायला वेळ लागतो. आणि प्रत्येक जोडीचा एक वेग असा असतो, की त्याच्यापुढे ते विरत नाहीत, वाढतात. मागे भार जास्त असला की हा वेग खाली येतो. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर खेळण्यातली गाडी आणि छोटा ट्रेलर ठेवून हा प्रयोग करता येतो. वजन पुढे असेल तर बोटाने टिचकी मारली तरी ट्रेलर सरळ होतो. तेच वजन मागे सरकवून टिचकी मारली की दोन-तीन हेलकाव्यांत गाडी आडवी.

म्हणून भरताना सगळ्यात जड वस्तू चाकांच्या डोक्यावर किंवा किंचित पुढे. एकूण सामानाचा साठ टक्के भाग आसाच्या पुढे, असा ठोकताळा आहे. पण टंग वेट बरोबर आलं म्हणजे झालं असंही नाही. दोन जड पेट्या, एक पार पुढच्या टोकाला आणि एक पार मागच्या टोकाला ठेवली तरी सरासरी बरोबर येते, आणि तरी तो ट्रेलर वाईटच. काठीच्या मध्यभागी वजन बांधून ती फिरवून थांबवा, मग तेच वजन दोन टोकांना बांधून थांबवा. दुसऱ्या वेळी मनगट सांगेल काय फरक आहे तो. पाण्याची टाकी चाकांच्या मागे असेल तर ती भरल्यावर टंग वेट कमी होतं, पुढे असेल तर वाढतं. म्हणजे सकाळी बरोबर असलेला ट्रेलर संध्याकाळी तसाच राहील असं नाही.

एवढं करूनही डोलायला लागलाच तर? पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा. स्टीअरिंग सरळ धरून ठेवायचं. ट्रेलरच्या ब्रेकचा हाताने दाबायचा खटका असेल तर तो दाबायचा, म्हणजे ट्रेलर मागून ताणला जाऊन ओळीत येतो. पिकअपचा ब्रेक करकचून दाबायचा नाही, कारण मग ट्रेलर मागून ढकलतो आणि जोडी मध्येच दुमडते. स्टीअरिंग उलटसुलट फिरवून त्याला आवरायलाही जायचं नाही. माणसाचा हात नेहमी अर्धा क्षण उशिरा पोचतो, आणि तो उशीर पुढच्या हेलकाव्याला जोर देतो. वेग वाढवून ट्रेलर सरळ करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मी तो कधीच मानणार नाही. ज्या वेगाने हे सुरू झालं त्याच्या वर जाऊन ते मिटेल, या आशेवर किती जणांचा जीव लावायचा?

थांबण्याचं गणित वेगळं. गतीची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. ताशी ८० वरून १०० वर गेलात तर वेग पाव पटीने वाढला, ब्रेकांना गिळायची ऊर्जा मात्र दीडपटीहून जास्त झाली. तीन टनांच्या गाडीमागे तीन टनांचा ट्रेलर असेल तर ती ऊर्जा मुळातच दुप्पट असते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर हे सगळं पिकअपच्या चार चाकांच्या माथी.

ट्रेलरचे ब्रेक दोन तऱ्हेचे दिसतात. एक, ट्रेलर गाडीला ढकलू लागला की त्याच धक्क्याने लागणारे. दुसरे विजेचे, त्यांना पिकअपमध्ये ब्रेक कंट्रोलर लागतो. कंट्रोलर घ्यायचा तर तुम्ही किती जोरात ब्रेक मारता ते ओळखून तेवढाच जोर ट्रेलरला देणारा घ्यावा. ठरावीक वेळेने ठरावीक जोर देणारे स्वस्त पडतात आणि दर सिग्नलला मान हलवतात. जुळवणी अशी: रिकाम्या सपाट जागेत ताशी ४० च्या आसपास जायचं, हाताचा खटका पूर्ण दाबायचा आणि जोर थोडा थोडा वाढवत न्यायचा. ट्रेलरची चाकं जाम होऊ लागली की किंचित खाली आणायचा. रिकामा ट्रेलर आणि भरलेला ट्रेलर यांची जुळवणी वेगळी असते, हे बरेच जण विसरतात.

उतारावर पाय ब्रेकवर ठेवून सावकाश उतरू नका. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, गाडीत टो-हॉल मोड (जड ओझं ओढण्यासाठीची गिअरची सेटिंग) असेल तर तो लावा, आणि इंजिनाला धरून ठेवू द्या. वेग वाढलाच तर ब्रेक एकदा नीट दाबून वेग उतरवायचा आणि पाय काढून घ्यायचा, म्हणजे ब्रेकांना निवायला वेळ मिळतो. जळका वास आला तर ब्रेक तापून गुळगुळीत व्हायला लागलेत, बाजूला घ्या.

जोडणीतली एक चूक मुद्दाम सांगतो, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेत बॉल मुख्यतः तीन मापांचे मिळतात: पावणेदोन इंचांहून जरा मोठा, दोन इंची आणि सव्वादोन इंचांहून जरा मोठा. युरोपात ५० मिलिमीटर. मोठ्या मापाचा कपलर दोन इंची बॉलवर आरामात बसतो, खटका लागतो, पिन जाते, सगळं नीट दिसतं. पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो वर उडून सुटतो. माप बॉलच्या डोक्यावर कोरलेलं असतं, ग्रीस पुसून वाचायचं. खटका लावल्यावर ट्रेलरचा जॅक पुन्हा थोडा वर फिरवायचा. कपलर बॉलवर खरंच पकडलेला असेल तर पिकअपचा मागचा भागही त्याच्याबरोबर उचलला जातो. कपलर एकटाच वर आला तर देवाचे आभार माना आणि पुन्हा जोडा.

साखळ्या कपलरखालून एकमेकींवर तिरक्या घालायच्या, म्हणजे नाक सुटलंच तर त्या फुलीच्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही. वळताना ताणणार नाहीत इतक्या सैल, जमिनीला घासणार नाहीत इतक्या आखूड. ट्रेलर पूर्ण सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी एक बारीक तार असते. ती साखळीला नाही, गाडीच्या सांगाड्याला वेगळी अडकवायची. आणि तेव्हा विजेच्या ब्रेकांना जोर देणारी ट्रेलरवरची छोटी बॅटरी जिवंत आहे ना, तेही बघायचं.

कायद्याचं म्हणाल तर प्रत्येक देशात, अमेरिकेत तर प्रत्येक राज्यात वेगळा. पण प्रश्न तेच: परवाना कोणता, ब्रेक कधीपासून सक्तीचे, वेग किती. युरोपीय संघात साध्या बी परवान्यावर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. त्याहून जड असेल तर दोन्ही मिळून ३,५०० किलोपर्यंत, बी९६ घेतला की ४,२५० पर्यंत, आणि बीई परवान्यावर ३,५०० किलोचा ट्रेलर. ब्रिटनने १६ डिसेंबर २०२१ पासून बीईसाठीची वेगळी परीक्षा काढून टाकली. अमेरिकेत जोडीची मर्यादा २६,००१ पौंड, म्हणजे सुमारे ११,८०० किलो किंवा त्याहून जास्त असेल आणि त्यात ट्रेलर १०,००० पौंडांच्या वरचा असेल, तर धंद्यासाठी क्लास ए व्यावसायिक परवाना लागतो. इथे पाटीवरची मर्यादाही धरतात, फक्त प्रत्यक्ष वजन नाही, म्हणजे रिकामा मोठा ट्रेलरही मोजला जातो. काही राज्यं घरगुती वापरालाही वेगळा परवाना मागतात. धंद्यासाठी राज्याची सीमा ओलांडत असाल तर १०,००१ पौंडांपासूनच संघीय नियम लागू होतात, आणि तिथे पिकअप घेऊन छोटी कामं करणारे हमखास अडकतात.

ब्रेकची सक्ती युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोच्या वर. ऑस्ट्रेलियात २,००० किलोच्या पुढे सगळ्या चाकांना ब्रेक आणि सुटल्यावर आपोआप लागणारी यंत्रणाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपासून. वेगाचं तर रस्त्याच्या पाटीवर लिहिलेला आकडा बऱ्याच ठिकाणी तुमच्यासाठी नसतोच: कॅलिफोर्नियात ट्रेलर जोडलेल्या गाडीला ताशी ५५ मैल, ब्रिटनच्या मोटरवेवर ६० मैल, जर्मनीत सहसा ८० किलोमीटर. ठरवून दिलेल्या वजनाच्या वर भरलं असताना अपघात झाला, तर दंड ही सगळ्यात छोटी काळजी. विमा कंपनीचा माणूस काट्याची पावती मागतो.

टायरकडे शेवटी बघतात, आणि वाटेत बहुतेक वेळा तेच फुटतात. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. वर्षातले दहा महिने ते एका जागी उन्हात उभे असतात. कडेवर चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही छान असो, बदलायचे. एसटी अशी खूण असलेल्या बऱ्याच ट्रेलर टायरांची वेगमर्यादा ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास असते. हवा थंड टायरमध्ये मोजायची, कारण कमी हवेचा टायर वाकतो, तापतो आणि सुटतो.

निघाल्यावर पहिला थांबा पंधरा-वीस किलोमीटरवर घ्या, भूक लागली नसली तरी. साखळ्या, पिन, वायरची जोडणी बघा, दोऱ्या पुन्हा ताणा, कारण सामान पहिल्या काही वळणांतच बसतं आणि दोऱ्या सैल पडतात. मग ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या मध्यापाशी, हबच्या जवळ हात न्या. आधी तळहात, न टेकवता, मग बोट. सगळे हब सारखेच कोमट असतील तर बसा गाडीत. एकच हब इतरांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथलं बेअरिंग कोरडं पडलंय किंवा ब्रेक घासतोय, आणि पुढचा रस्ता त्या चाकाला झेपणार नाही.